सीताबाईच्या पिकअपचं उजवं दार

गेल्या उन्हाळ्यात पेणमध्ये एक बातमी फिरली. एलिजा डेंटर म्हातारपणी दारूला लागला, आणि दारूच्या नशेत त्याने सीताबाईच्या मेलेल्या पोराच्या गाडीचं, स्वतःच नीट बसवलेलं दार हातोडीने हाणून हाणून वाकवलं. बातमी आणली प्रविण पेंटरने. प्रविणचं दुकान एलिजाच्या शेडला लागून, मध्ये एकच पत्रा, त्यामुळे बातमीला साक्षीदार शोधायची गरज नव्हती.

"आपल्या डोळ्यांनी पायला," प्रविण इंदुबाईच्या चहाच्या टपरीवर सांगत होता. 'डोळ्यांनी' म्हणताना दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांत खुपसल्यासारखी करायची त्याला खोड आहे. "डोळे लालबुंद! हात थरथर! नि दण् दण् दण्, चांगल्या बिजागरीवर! मी बोललो, एलिजाशेट, काय करतोस काय? तर मला बोलतो, गप, ऐकू दे."

यातली हातोडी खरी. 'गप, ऐकू दे' हेही खरं. दारू खोटी. एलिजा अष्टमकर शुक्रवारी दिवस मावळताना काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत पितो, पेलाभर, देवाचं नाव घेऊन. उरलेलं गल्लीतल्या पोरांना वाटतो. त्याने नशा चढत असती तर आमच्या गल्लीची सगळी बालवाडी झिंगत घरी गेली असती. डोळे मात्र लाल होते, ते का होते ते पुढे येईलच.

राहिलं दार. ते त्याने वाकवलं नाही. वाकवणं कुणालाही जमतं.

एलिजाचं वय अडुसष्ट. मूळ घर रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमीला. घराणं ज्यू; आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी, विसाव्याचा दिवस म्हणून, तो बंद असायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाणा गेला, शनिवार राहिला. एलिजा शनिवारी हातोडी धरत नाही, मग शेडबाहेर कुणाचीही गाडी येऊन उभी राहो. बाकीचे सहा दिवस तो पत्रा ठोकतो, आणि पेण ते रोहा या पट्ट्यात त्याच्यासारखी गाडी कुणी जुळवत नाही. जुळवणं हा त्याचा शब्द. ठोकायला कोनपन ठोकतो, तो म्हणतो, जुळवायला पायजे. बोनेट, मडगार्ड, दारं, मागचा फाळका, कडेच्या पट्ट्या. प्रत्येक दोन पत्र्यांच्या मध्ये एक फट असते आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी.

ती फट मोजायला त्याच्याकडे मोजपट्टी नाही, लग्नपत्रिका आहे. मुलगी तामार हिच्या लग्नाची. जाड कागद, सोनेरी कड. दोनशे छापल्या होत्या त्यातल्या एकशेतीस उरल्या, कारण ज्यांना द्यायच्या ती माणसं आधीच इस्रायलला जाऊन बसलेली. मग एलिजाने त्या शेडमध्ये आणल्या. पत्रिका दुमडायची आणि दाराच्या फटीत वरून सोडायची. सुळकन पडली तर फट मोठी, अडकली तर लहान. सावकाश, कुठेही न थांबता खाली उतरली तर दार जुळलं. निम्म्या रायगडच्या गाड्यांची दारं तामारच्या लग्नाच्या मुहूर्तावर जुळलेली आहेत.

तामारही तिकडेच गेली. तिच्या बाळंतपणासाठी एलिजाची बायको दीना तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला चार वर्षं झाली. जो बाळ होता तो आता दप्तर घेऊन जातो. एलिजाला कुणी विचारलं, तू का जात नाहीस, की त्याचं उत्तर ठरलेलं: "तिकडं पत्रा ठोकत नायत. बदलतात. मी जाऊन काय करू, नव्या दारांकडं बघत बसू?"

आता धनेश.

धनेश सीताबाईचा एकुलता एक. सीताबाईचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. घर खाडीकाठी, बांधाच्या टोकाला. त्याच्या पुढे रस्ता नाही, नुसतं पाणी. धनेशने जुनी पिकअप घेतली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी जोह्याच्या कारखान्यांतून गणपती भरायचे आणि पेंढ्यात बसवून लांबलांब पोचवायचे, उरलेलं वर्ष मीठ, बांबू, पापडांची खोकी, मिळेल ते. रोज टपरीवर चहाला यायचा. इंदुबाईची पिंकी, म्हणजे हे लिहितेय तीच, सगळ्यांचे आवाज काढते, आणि धनेश हे तिचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक होतं. "काकाऽऽ, सीझन झाला का येतो!" एवढं म्हटलं की धनेश तयार.

हे वाक्य तो एलिजाला रोज म्हणायचा, आणि कारण उजवं दार. त्या उन्हाळ्याच्या साडेचार वर्षं आधी, ऐन सीझनमध्ये, जोह्याहून गणपती भरून निघाला आणि वाटेत ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या बिजागरीची पिन तुटली. एका हाताने दार धरून, एका हाताने गाडी चालवत तो एलिजाच्या शेडपर्यंत आला. मागे अठ्ठावीस गणपती. एलिजाकडे पिन नव्हती. त्याने जुन्या स्टोव्हच्या बर्नरचं पितळ कापलं, कानशीने घासलं, बिजागरीत ठोकून बसवलं.

"ह्या तात्पुरता हाय," तो म्हणाला. "आठ दिवस. आठ दिवसांनी घेऊन ये."

"काका, सीझन झाला का येतो."

सीझन झाला. पुढचा आला, तोही झाला. पितळ झिजत गेलं, दार खाली उतरलं, बोटभर, मग दोन बोटं. मग ते उचलून आपटल्याशिवाय लागेना, आणि आपटलं की त्याचा एक आवाज व्हायला लागला. सगळ्या पेणमध्ये तसा आवाज दुसऱ्या दाराचा नव्हता. तो कसा होता ते इथे अक्षरांत लिहिलेलं नाही. त्याला कारण आहे. एवढं सांगता येईल की पिंकीला तो तोंडाने काढता यायचा, आणि एकदा तिने टपरीमागून तो काढला तर इंदुबाईने न बघता धनेशसाठी एक कप जास्त चहा टाकला होता.

एलिजाला त्या आवाजाची लाज वाटायची. "तो दार वाजला का मला कोन भर बाजारात शिवी देतो असा वाटतो," तो म्हणायचा. "माझ्या हातचा काम हाय तो." हे ऐकलं की धनेश मुद्दाम परत दार उघडायचा आणि आपटायचा.

"अरे गाढवा, ठेव गाडी दोन तास! नीट करून देतो!"

"काका, नीट झाला तर तुमाला माझी आठवन कशी येनार?"

मात्र मागे गणपती भरलेले असले की धनेश ते दार दोन्ही हातांनी धरून, खांद्याने दाबून, अजिबात न वाजवता लावायचा. बाप्पा दचकतील म्हणायचा.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी, खांब गावाच्या अलीकडे, हायवेच्या कडेला गाडी थांबवून तो ताडपत्रीची दोरी आवळायला डाव्या अंगाला उतरला. मागून ट्रेलर रस्ता सोडून त्याच अंगाने आला. तेराव्यानंतर पिकअप क्रेनला लटकून एलिजाच्या शेडपुढे आली.

लोक म्हणाले, विका. सीताबाई म्हणाली, "विकायची नाय. दिपिका चालवल." दिपिका म्हणजे धनेशची बायको. त्यानेच तिला बांधावर गाडी शिकवली होती. सीताबाई वर एवढंच म्हणाली, "मोडला तेवढा नीट कर, एलिजाभाव."

अडीच महिने एलिजाने दुसरी गाडी घेतली नाही. गाडीची सगळी केबिन पिळवटलेली होती, ओलं फडकं पिळावं तशी. त्याने ती दोऱ्या लावून, जॅक लावून, रोज थोडी थोडी सरळ केली. डावं दार रोह्याहून आणलं. फाळका ठोकला. बोनेट जुळवलं. ज्या पट्ट्या मिळेनात त्या पत्र्यातून कापून केल्या. आवाज काढणारीने एक गोष्ट तेव्हा ऐकली: त्या अडीच महिन्यांत एलिजाने एकदाही शीळ घातली नाही, आणि एरवी शीळ घातल्याशिवाय त्याची हातोडी उठत नाही.

सगळं झाल्यावर शेवटच्या दिवशी तो उजव्या दाराकडे वळला. ते मोडलं नव्हतं. ते करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने दोन्ही बिजागऱ्या काढल्या, नव्या घातल्या. पितळ भंगारात टाकलं. कुलपाचा झिजलेला खुंटा बदलला, दाराभोवतीचं रबर बदललं, काच जिच्यात वरखाली होते ती पट्टीसुद्धा नवी घातली. संध्याकाळी पत्रिका फटीत सोडली. ती वरून खालपर्यंत अशी उतरली की बघणाऱ्याला जांभई यावी. एलिजाने तळहात दारावर सपाट ठेवला आणि हळूच म्हणाला,

"घे. झाला एकदाचा. सीझन झाला ना तुझा? घे."

मग तो तिथेच स्टुलावर बसला आणि त्याने कितीतरी वेळ चहाला हात लावला नाही.

सीताबाई दिपिकाला घेऊन गाडी न्यायला आली. फिरून फिरून बघितलं. उजवं दार उघडलं, लावलं. 'टप्', एवढंच, उशी पडावी तसं. तिने परत उघडलं, परत लावलं. टप्. सहा-सात वेळा.

"काय बाय, बरोबर हाय ना?" एलिजाने विचारलं. त्याला शाबासकी हवी होती, आणि ती त्याच्या तोंडावर एवढी स्वच्छ दिसत होती की एरवी पिंकीने तिथल्या तिथे त्याची नक्कल केली असती.

"चांगला झाला," सीताबाई म्हणाली. "फार चांगला झाला, एलिजाभाव." आणि गाडीत बसून गेली.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, ती एलिजाच्या घरी आली. खडेमिठाची पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली.

"आज शनवार," एलिजा म्हणाला. "हातोडी धरत नाय मी. तुला म्हायीत हाय."

"हातोडी नको. बोलाया आलंय."

"बोल."

"दार वाजत नाय."

एलिजा हसला. "नायच वाजनार! दहा वर्सं नाय वाजनार!"

"तसा नाय. पयल्यासारका करून दे."

"पयल्यासारका म्हंजे?"

"व्हता तसा. लोंबता."

एलिजाला वाटलं बाई थट्टा करते आहे. मग तिचं तोंड बघितलं. "सीताबाय," तो म्हणाला, "चाळीस वर्सं लोक माझ्याकडं लोंबते दार घेऊन येतात. नीट दार लोंबता करून दे म्हनून अजून कोन नाय आला."

"मी आलंय ना."

"पन कशाला?"

"भातासाठी." सीताबाईने पदर सारखा केला. "घर बांधाच्या टोकाला, मी चुलीकडं. गाड्या सगल्या सारक्याच घुरघुरतात, कोलंबीवाल्याची नि आमची. दार वाजला का मी भात उतरवायची. दार, मग नलावर पाय, मग ताट. आता दिपिका कवा येते कलत नाय. पोर मागं येऊन उबी ऱ्हाते नि मी दचकतंय. तीनदा भात करपला."

"मग हॉर्न मारायला सांग तिला."

"सांगितला. मारते." सीताबाई भिंतीकडे बघत राहिली. "हॉर्न कोनाचा पन असतो."

ती गेल्यावर एलिजाला राग आला. तो त्याने पिंकीला नंतर पुरता ऐकवला. "अडीच म्हैने! बोटं सोलली माझी! नि बाय बोलते, लोंबता कर! ताजमहाल बांधून दिल्यावर बोलायचा, जरा गळका कर, सवय हाय पावसाची!" दिवसभर तो असा धुमसत बसला. संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शनिवार संपला, आणि रात्री, तिकडचाही संपल्यावर, नेहमीप्रमाणे दीनाचा फोन आला. नातवाचं बोलून झालं, गुडघ्यांचं बोलून झालं. मग एलिजाने सहज विचारलं,

"दीना, आपल्या घराचा दार कसा वाजायचा गो?"

त्याला वाटलं ती म्हणेल, असलं काय विचारतोस. दीना एक क्षणही थांबली नाही.

"आधी अडायचा. मग तुझा खांदा. मग कडी आपली आपणच हलत ऱ्हायची. वर तू बोलायचास, उद्या रंधा मारतो."

"तुला अजून आठवतो?"

"आठवायला कशाला पायजे? रोज ऐकते मी. तुझ्याकडचे साडेसात झाले का हिकडं काम करता करता मला वाजल्यासारका होतो. वाजतो ना अजून तसाच?"

एलिजाने दाराकडे बघितलं. मागच्या वर्षी, घरात वेळ जात नव्हता म्हणून, त्याने त्या दाराला रंधा मारला होता. नव्या बिजागऱ्या घातल्या होत्या, कडी घट्ट केली होती. बोट लावलं की मिटायचं.

"वाजतो," तो म्हणाला.

"वाजव बघू. फोन जवळ धर."

एलिजा उठला. फोन दाराशी धरला. दार उघडलं, लावलं. काही झालं नाही. परत लावलं, खांदा मारून. परत. कडी हाताने हलवून बघितली.

"नीट ऐकू नाय येत," दीना म्हणाली.

"फोन खराब हाय," एलिजा म्हणाला.

प्रविणने लाल डोळे पाहिले ते या शनिवारनंतरचे. एलिजाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, गॅसचं वेल्डिंग, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो रोह्याला गेला. पेणच्या सगळ्या शेडमधलं भंगार जनू भंगारवाल्याचा टेम्पो गुरुवारी उचलतो आणि रोह्याला नेतो. जनूच्या आवारात बिजागऱ्यांचा ढीग कमरेएवढा.

"कसली पायजे, एलिजाशेट? ही बघ, नव्यासारकी."

"नव्यासारकी नको. झिजलेली."

"किती झिजलेली?"

"साडेचार वर्सं."

जनूने कानात करंगळी घालून हलवली. "लोक माझ्याकडं चांगला शोधतात. तू बिघडलेला शोधतोस. ऊन लागला काय तुला?"

एलिजा त्या ढिगाशी उकिडवा बसला तो दुपारपर्यंत. एकेक बिजागरी उचलायची, अंगठा फिरवायचा, टाकायची. जनूने दोनदा चहा आणला. तिसऱ्यांदा जेवण आणलं. चार वाजायच्या सुमाराला एलिजाच्या हाताला पितळ लागलं. स्टोव्हचं पितळ, आणि त्याच्यावर त्याच्याच कानशीचे आडवे ओरखडे. साडेचार वर्षं जे काम त्याला डोळ्यांपुढे नको होतं, ते त्याने फडक्यात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवलं. रोह्याहून पेणला येईपर्यंत त्याचा हात त्या खिशावर होता.

दिपिका गाडी आणून देऊन गेली. सीताबाईला सांगितलं होतं की ब्रेकचं काम आहे.

पितळ घातलं की आवाज परत येईल असं एलिजाला वाटलं होतं. आला नाही. जुनं दार चार-साडेचार वर्षं सगळीकडून एकदमच झिजलेलं. वरची बिजागरी जेवढी उतरत गेली, तेवढं खालची, खुंटा, रबर, प्रत्येकाने आपापल्या परीने तिला सांभाळून घेतलेलं. ते सगळं आता नवं, ताठ. मग त्याने खालच्या बिजागरीची पॅकिंगं काढली. खुंटा कानशीने घासला, एकदा घासायचा, एकदा दार आपटायचं, डोळे मिटून ऐकायचं. नवं रबर काढून उन्हाने तडकलेलं जुनं लावलं. बिजागरीवर हातोडी मारली ती याच दिवसांत, आणि प्रविणने पत्र्यामागून मान काढली तीही याच दिवसांत. एलिजाने पत्रिका फटीत सोडली. वरच्या अंगाला ती सुळकन पडली आणि खाली जाऊन रुतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मान हलवली, बरोबर म्हणून.

पण आवाज अजून तो नव्हता. पाचव्या दिवशी त्याने टपरीकडे हाक मारली.

"पिंके! हिकडं ये. काढ तो दार."

पिंकीने धनेश गेल्यापासून तो काढला नव्हता. "मी नाही."

"काढ बोलतो ना."

पिंकीने काढला. एलिजाने डोळे मिटून ऐकला. मग म्हणाला, "तीन काढलेस. चौथा खाल्लास."

"चौथा कसला? तीनच आवाज व्हायचे. काका, माझा कान चुकत नाही."

"चार. तिसऱ्यानंतर एक दम जायचा, नि मग एक बारीक व्हायचा."

"तीन!"

"चार. पैज लाव."

पैज ठरली. निवाडा सीताबाईचा, तिला न सांगता. तिने तीन आवाजांवर दार ओळखलं तर पिंकी जिंकली. मग एलिजाची तपकिरी लोकरी टोपी तिची, आणि ती घालून गणपतीतल्या कार्यक्रमात एलिजाची नक्कल करायची मोकळीक. चौथ्यावर ओळखलं तर पिंकीने तो आवाज तोंडाने पुन्हा कधी काढायचा नाही.

"का?" पिंकीने विचारलं.

"तो त्या दाराचा हाय. तोंडातोंडी फिरायला लागला तर तिनं ऐकायचा कुटला?"

त्या दुपारी एलिजाने दाराच्या आत हात घालून काचेची नवी पट्टी काढली, आणि झिजलेली घातली. काच तिच्यात अर्धं बोट सैल बसली.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना दिपिका गाडी घेऊन निघाली. एलिजा आणि पिंकी मागे हौद्यात बसले. बांधावर गाडी थांबली. दिपिका खाली उतरायच्या आधी एलिजाने केबिनच्या काचेवर टकटक केली.

"दिपिका, दार उचलून लाव गो. जोरात. तो लावायचा—"

"मला म्हायीत हाय तो कसा लावायचा," दिपिका म्हणाली.

ती उतरली. एक क्षण तिने दाराच्या कडेवर हात ठेवला, तिथे रंग घासून गेलेला होता, धनेशच्या कोपराने. मग उचललं आणि आपटलं.

तीन आवाज झाले. बरोबर तीन, पिंकीच्या तोंडातले जसेच्या तसे. घरात डाव भांड्यात फिरत होता, तो फिरतच राहिला. पिंकीने एलिजाकडे बघितलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. एक दम गेला. आणि दाराच्या आत काच आपल्या जागेवरून खाली बसली.

डाव थांबला.

"धन्या," आतून सीताबाई म्हणाली, नेहमीच्या घाईत, "पाय धू पयले. भात उतरवतंय."

बांधावर कुणी हललं नाही. खाडीकडून वारा येत होता, तो तेवढा येत राहिला. आत भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही.

दिपिका नळाशी गेली. पाय कोरडे, स्वच्छ होते, गाडीतून आलेली ती. तिने ते धुतले. एक धुतला, दुसरा धुतला, परत पहिला धुतला.

"दिपिका?" आतून आवाज आला. आता तो दुसराच आवाज होता, आणि पिंकीला तो काढता येत नाही, तिने कधी प्रयत्नही केलेला नाही.

"व्हय, आई."

"ये गो. भात झाला." थोडं थांबून, "नि एलिजाभाव असल बाहेर. त्याला बोल, जेवून जा."

एलिजा हौद्याच्या कडेला धरून उभा होता. त्याने टोपी काढली, तिच्याने तोंड पुसलं, परत घातली.

"भात करपला नाय आज," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर दिपिका गाडीने परत सोडत होती, तेव्हा पिंकीने त्याला विचारलं की तोंडाने काढायचा नाही हे ठीक, पण लिहिला तर चालेल का. एलिजाने विचार केला, हौद्यात बसून, अगदी खांद्यावरची धूळ झटकून झाल्यावर. "नको," म्हणाला. "लिहिलास का वाचनारा तोंडानं काढून बघनार."

म्हणून तो चौथा आवाज इथे नाही, पहिले तीनही नाहीत. गणपतीतल्या कार्यक्रमात पिंकीने प्रविणची नक्कल केली. टोपी एलिजाच्या डोक्यावर आहे.